खाल्ल्या मिठाचा हिशेब

(बी. ए. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी)

"ज्याचा मीठ खाल्ला त्याच्यावर केस कशी करावाची, बाई?" माझ्या बाबांनी मला विचारलेला हा प्रश्न गेले वर्षभर माझ्या मनात घर करून बसला आहे. कामावरून काढून टाकलेल्या कामगाराने आपल्या पूर्वीच्या मालकाविरुद्ध दाद मागावी काय? पुस्तकात हा प्रश्न अर्थशास्त्राचा किंवा कायद्याचा वाटतो. आमच्या घरात मात्र तो प्रथम नीतीचा प्रश्न म्हणून आला. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचा दोन्ही अंगांनी विचार करण्याचा माझ्या अल्पमतीप्रमाणे प्रयत्न करीत आहे.

माझे बाबा पवनीचे. घरी दोन एकर धानाची शेती, तीही पावसाच्या भरवशावर. म्हणून माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी, म्हणजे 2005 साली, ते नागपूरजवळच्या एका कारखान्यात कामाला लागले. महिन्या-दोन महिन्यांनी एस.टी.ने घरी येत. 2016 सालच्या दिवाळीनंतर ते परत गेले आणि चौथ्याच दिवशी डबा, अंथरूण व कपड्यांची पिशवी घेऊन घरी आले. मी तेव्हा चौथीत होते. बाबा मधल्याच आठवड्यात आले याचा मला आनंद झाला होता! मालकांनी त्यांना सांगितले होते, "धंदा मंदा आहे, उद्यापासून येऊ नका." हातावर दोन हजार रुपये ठेवले होते. पत्र नाही, सूचना नाही, हिशेब नाही. अकरा वर्षांची नोकरी एका वाक्यात संपली.

यंदा वर्गात कामगारविषयक कायद्यांचा अभ्यास सुरू झाला. तेव्हा मी वहीची मागची पाने काढून बाबांचा हिशेब मांडला. त्यांना ज्या वेळी काढले, त्या वेळी 1947 चा औद्योगिक विवाद कायदा लागू होता. त्याच्या कलम 25 एफ प्रमाणे, एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला मालकाच्या सोयीसाठी कमी करावयाचे असेल, तर कारण देऊन एक महिन्याची लेखी सूचना द्यावी लागे, नाहीतर त्या महिन्याचा पगार द्यावा लागे. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागे. वर्षात 240 दिवस काम भरले की ते सलग वर्ष धरले जाई. याखेरीज 1972 च्या कायद्याने, दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाच वर्षे सलग नोकरी केलेल्यास ग्रॅच्युइटी मिळे. तीही वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाप्रमाणे, मात्र महिन्याचे दिवस 26 धरून.

बाबांचा शेवटचा पगार 9,000 रुपये होता. सूचनेचे 9,000, भरपाईचे ढोबळ मानाने 49,500 आणि ग्रॅच्युइटीचे 57,115. एकूण 1,15,615 रुपये. मी तीन वेळा बेरीज केली. त्याच वर्षी आईने आपली बोरमाळ मोडून धानाचे बियाणे व खत आणले होते, हे मला आठवत होते.

बाबांनी आकडा पाहिला आणि वरचे वाक्य उच्चारले. त्यामागे कारण होते. आईच्या ऑपरेशनच्या वेळी मालकांनी 20,000 रुपये उचल दिली होती. रात्री गाडी पाठवली होती. बाबा हे विसरलेले नाहीत आणि विसरावे असे मीही म्हणणार नाही. पण मी विचारले, "ती उचल फिटली का?" बाबा म्हणाले, "फिटली ना. पगारातून दर महिन्याले कापली." म्हणजे मालकांचे येणे रुपयाला रुपया वसूल झाले आणि बाबांचे येणे तेवढे मिठाच्या खात्यात जमा झाले! मिठाला जागणे हा आपल्या संस्कृतीतील मोठा गुण आहे. परंतु अकरा वर्षे भट्टीसमोर उभे राहून बाबांनी जो घाम गाळला, त्यातही मीठ होतेच. तेव्हा मीठ कोणी कोणाचे खाल्ले, याचा हिशेब एकाच बाजूने मांडता येणार नाही. उपकाराची फेड उपकाराने करावी. वेतन व भरपाई हे मात्र उपकार नव्हेत, ते देणे आहे. देणे मागणारा कृतघ्न ठरत नाही.

कायद्यानेही नेमके हेच म्हटले आहे. याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील दोन वॉर्ड-सेविकांना भरपाई न देता कामावरून कमी करण्यात आले. येथे मालक कोणी शेठजी नव्हते, तर प्रत्यक्ष मुंबई राज्याचे सरकार होते. हॉस्पिटल मजदूर सभेने त्यांच्या वतीने दाद मागितली. रुग्णालय हा उद्योगच नाही, असे सरकारचे म्हणणे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1960 साली न्यायालयाने सरकारचे म्हणणे फेटाळले. भरपाई देणे ही कामावरून कमी करण्याची पूर्वअट आहे, ती पाळली नाही तर कमी करणेच बेकायदा ठरते, असा निर्णय झाला. रुग्णालयाचा वॉर्ड झाडणाऱ्या दोन स्त्रियांनी सरकारकडे आपले मागितले आणि त्यामुळे देशभरातील कामगारांना एक नियम मिळाला. त्या "सरकारचे मीठ खाल्ले" म्हणून गप्प बसल्या असत्या तर?

येथे वाचक विचारतील की कायदा इतका स्पष्ट असताना कामगार मागे का राहतो? माझ्या मते पहिली अडचण अशी की, आपण त्या मालकाचे कामगार होतो हेच त्याला आधी सिद्ध करावे लागते. आपल्या भंडारा जिल्ह्याला हे नवे नाही. येथील कितीतरी घरांनी तेंदूपाने खुडून व बिड्या वळून संसार केले. मधे सट्टेदार असला की कारखानदार म्हणणार, "ही माझी माणसे नव्हेत." नागपूरच्या एका बिडी कारखान्यातील मजुरांनी 1955-56 च्या सुमारास रजेचा पगार मागितला, तेव्हाही हाच मुद्दा निघाला. मजूर आपल्या वेळेने येतात, जातात, नगावर पैसे घेतात, मग ते कामगार कसे? सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगारच ठरविले. काम कारखान्यात होते, आणि खराब बिडी नाकारण्याचा अधिकार मालकाजवळ आहे, तेव्हा कामावर ताबाही त्याचाच, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. पुढे 1966 साली बिडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि घरी बसून बिडी वळणारी बाईदेखील त्यात आली. सहा महिने काम केलेल्याला सबळ कारणाशिवाय आणि महिन्याच्या सूचनेशिवाय काढता येणार नाही, असेही त्यात लिहिले गेले. हे सर्व कोणीतरी प्रथम दाद मागितली म्हणून झाले, हे विसरता कामा नये.

आता दुसरी बाजू पाहू. दाद मागू नये असे म्हणणारे सगळेच मालकधार्जिणे नसतात. ते म्हणतात की कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्यात आयुष्य जाते, वकिलाची फी व जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडते आणि "हा केस करणारा" म्हणून दुसरीकडे कोणी कामावर घेत नाही. यात तथ्य आहे. कामावर परत घेण्याचा हुकूम प्रत्येकाला मिळतो असेही नाही. 2013 साली महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात, बेकायदा काढलेल्या व्यक्तीला मागील पगारासह परत घेणे हाच सर्वसाधारण नियम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. उलट रोजंदारीवरील कामगारांच्या कितीतरी प्रकरणांत न्यायालयांनी नोकरीऐवजी एकरकमी भरपाईवरच भागविले आहे.

लढ्याचे नाव काढले की वडीलधारी मंडळी मुंबईच्या गिरणी संपाची आठवण देतात. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विझत गेला आणि लाखाहून अधिक कामगारांचे काम कायमचे गेले. ही शोकांतिका खरीच. परंतु तिच्यावरून "दाद मागू नये" असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. संप करणाऱ्याजवळ उद्याचे काम असते, ते रोखून धरणे हे त्याचे बळ. काढून टाकलेल्याजवळ मात्र फक्त कालचे काम उरलेले असते, आणि ते कोणी हिरावून घेऊ शकत नाही. त्याच्या मागणीचा पाया तेवढाच. गिरणी कामगारांच्या बाबतीतही पुढे असेच घडले. गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला, तेव्हा काम गेलेल्यांनी संघटित होऊन विचारले की या जमिनीवर आमच्या श्रमाचा काहीच वाटा नाही काय? 2001 च्या बदललेल्या नियमांत गिरणी कामगारांच्या घरांची तरतूद झाली आणि 2012 साली म्हाडाच्या सोडतीत 6,925 घरे निघाली. संपानंतर तीस वर्षांनी, आणि मागणाऱ्यांच्या मानाने थोडी. पण मागितले नसते तर तीही मिळाली नसती.

मालकाचीही बाजू ऐकली पाहिजे. लहान कारखानदार कधी खरोखरच बुडतो. कायद्याने याचा विचार केला होता. मालकाच्या हाताबाहेरच्या, टाळता न येणाऱ्या कारणाने उद्योग बंद पडला तर भरपाईला तीन महिन्यांच्या वेतनाची मर्यादा होती. मात्र नुसती पैशाची अडचण किंवा पडून राहिलेला माल हे असे कारण नव्हे, असेही तेथेच स्पष्ट केले होते. बाबांचा कारखाना तर बंदही पडला नव्हता. त्यांच्यानंतर तेथे नवी मुले लागली. कपातीनंतर पुन्हा भरती करताना जुन्या कामगाराला प्रथम विचारावे, असाही नियम होता. बाबांना कोणी विचारले नाही.

सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट मुदतीची आहे. 2010 च्या दुरुस्तीने काढलेल्या कामगाराला एकट्याने दाद मागण्याची सोय झाली. आधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा, आणि 45 दिवसांत तोड निघाली नाही तर सरळ कामगार न्यायालयात जावयाचे. पण हे सर्व काढल्याच्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत. बाबांची तीन वर्षे 2019 साली संपली. तेव्हा मी सातवीत होते. त्या वर्षी मी निबंधस्पर्धेत "कायद्यापुढे सर्व समान" या विषयावर पहिले बक्षीस मिळविले होते. घरात मुदत संपते आहे, हे ना बक्षीस घेणारीला ठाऊक होते, ना टाळ्या वाजविणाऱ्या बापाला. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आहे आणि ही मुदत दोन वर्षांवर आली आहे. म्हणजे ज्याला शिकायला वेळ लागतो, त्याला आता अधिकच घाई केली पाहिजे.

तेव्हा माझे उत्तर असे की कामावरून काढलेल्याने आपले देणे अवश्य मागावे. परंतु मागण्याची रीत असावी. सूड म्हणून मागू नये, हिशेब म्हणून मागावे. एकट्याने मागण्यापेक्षा बरोबर काढलेल्यांनी मिळून मागावे. आधी पत्र द्यावे, मग समेटाचा मार्ग धरावा आणि शेवटी न्यायालय. गरिबासाठी विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत असते, ती घेण्यात कमीपणा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कागद जपावा. आपल्या महाविद्यालयातील कितीतरी जणांचे भाऊ आणि वडील हिंगणा, बुटीबोरीला कामाला आहेत. त्यांचे ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, विम्याचे कार्ड, बँकेत पगार जमा झाल्याची नोंद घरी नीट ठेवा. "उद्यापासून येऊ नका" असे कोणी म्हटले तर ती तारीख त्याच दिवशी वहीत लिहा. घरात शिकलेले माणूस तुम्हीच असाल, तर हे काम तुमचेच आहे.

बाबांच्या भरपाईची मुदत गेली ती गेली. ग्रॅच्युइटीचे तसे नाही. कामगाराने अर्ज केला नाही तरी ती रक्कम काढून देणे हे मालकाचेच कर्तव्य होते, आणि अर्जाला उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. हे समजल्यावर बाबा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरविली. तीत विम्याचे कार्ड, चार पगारचिठ्ठ्या आणि तेलाचे डाग पडलेले ओळखपत्र निघाले.

अर्ज मी लिहिला. मायना मी "व्यवस्थापक यांस" असा घातला होता. बाबांनी तो खोडायला लावला आणि सांगितले तसे मी लिहिले, "माननीय मालकसाहेब यांस, सप्रेम नमस्कार." आईच्या ऑपरेशनच्या वेळी केलेल्या मदतीबद्दल आभाराचे एक वाक्यही त्यांनी घालायला लावले. त्याखाली 57,115 रुपयांची मागणी आहे आणि त्याखाली बाबांची सही. मला वाटते, त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांचे त्यांनाच सापडले. अर्ज पवनीच्या पोस्टातून रजिस्टरने गेला आहे. पावती मी त्याच पेटीत ठेवली आहे.