यंत्राचा पडदा कुणासाठी?

मागच्या सुट्टीत मी बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात काम शिकायला जात होतो. सीएनसी लेथवर 'लो ल्यूब लेव्हल' अशी सूचना आली की ऑपरेटर काका सरळ रीसेट दाबायचे. एकदा मी म्हटलं, "काका, तेल संपत आलंय म्हणतंय ते." टाकी उघडली, तर तळाला लागलेली! इंग्रजी अडलं आणि यंत्र झिजत राहिलं.

म्हणून पडदा निवडताना आधी भाषा बघावी. मराठी, कन्नड दोन्ही हव्यात; जोडाक्षरं फुटत नाहीत ना, हे विकत घेण्याआधी दाखवून घ्यावं. सूचनेत पुढचं कामही असावं : 'तेल कमी. टाकी भरा.'

मग हात बघावेत. रेझिस्टिव्ह पडदा दाबावर चालतो, त्यामुळे हातमोजे घालूनही वापरता येतो. मोबाइलसारखा साधा कॅपॅसिटिव्ह पडदा जाड मोज्यांना दाद देत नाही. पुढची बाजू आयपी ६५ दर्जाची असली, की धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवाराही सोसतो. लाल रंग धोक्यापुरताच राखावा. आणीबाणीचं बटण मात्र पडद्यावर नको. पिवळ्यावर लाल, खरंखुरं, हाताला लागणारं हवं.

मंडळात आपण नेमक्या शब्दासाठी तासभर वाद घालतो. तसा एखादा तास त्या पडद्यावरच्या शब्दांनाही द्यायला हवा, आणि तेव्हा काकांना शेजारी बसवायला हवं.