घरातील ओल आणि निःपक्ष तपासणी

आषाढ लागला की आपल्या घराघरांतून एक ओळखीचा कुबट वास येऊ लागतो. गाद्या, पुस्तके, ठेवणीतले कपडे यांना तो लागतो; कपाटामागील भिंतीवर काळे ठिपके उमटतात, आणि घरातील म्हातारी माणसे व लहान मुले खोकू लागतात. ही बुरशी होय. दिवाळीत तिच्यावर रंगाचा हात फिरवावयाचा आणि पुढल्या पावसाळ्यात ती पुन्हा पाहावयाची, असा परिपाठ पुष्कळ घरी आहे. तो कसा मोडावा, आणि त्यासाठी भिंत कोणाकडून तपासून घ्यावी, याचा थोडा विचार येथे करू.

बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांना घरातून कायमचे घालवणे कोणासही शक्य नाही. त्यांचे खाद्य म्हणजे कागद, लाकूड, कापड, सरस व धूळ. तेही घरातून नाहीसे होत नाही. तिसरी गरज पाण्याची, आणि तेवढीच आपल्या हाती आहे. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत पुरती वाळली तर तिच्यावर बुरशी सहसा धरत नाही. तेव्हा बुरशीची तपासणी म्हणजे वास्तविक पाण्याच्या वाटेची तपासणी होय.

ही दृष्टी बुऱ्हाणपूरकरांना नवी नाही. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात, येथील कुंडी भंडाऱ्याची योजना झाली. सातपुड्याकडून तापीच्या दिशेने जमिनीखालून झिरपणारे पाणी भुयारी मार्गाने शहरास आणले, आणि त्या मार्गावर शंभराहून अधिक कुंड्या खोदल्या. कुंडीत उतरले की पाणी कोठून येते व कोठे अडते हे डोळ्यांना दिसते. घराच्या भिंतीला अशी कुंडी नसते. तेथे लक्षणांवरूनच शोध घ्यावा लागतो. ती लक्षणे मुख्यतः चार प्रकारची आहेत.

पहिली, जमिनीतून चढणारी ओल. ही भिंतीच्या तळाशी पट्ट्यासारखी असते, सामान्यतः तीन-चार फुटांवर थांबते, आणि तेथे पांढरा लोणा फुलून गिलावा झडतो. बाहेरची माती किंवा फरशी जोत्याच्या वर चढली आहे काय, ते पाहावे. दुसरी, पावसाची ओल. पाऊस पडला की डाग पसरतो, उघडीप झाली की आखडतो. हिचा उगम गच्चीवर, पन्हळीत किंवा भिंतीच्या भेगेत शोधावा. तिसरी, नळाची ओल. ही उन्हाळ्यातही हटत नाही. रात्री सर्व तोट्या बंद करून टाकीतील पाण्यावर खूण करावी. सकाळी पाणी खाली गेले असेल तर नळ फुटका समजावा. चौथी, हवेतील वाफेची ओल. ही कोपऱ्यांत, कपाटामागे, न्हाणीघराच्या छतावर धरते.

शेवटच्या प्रकाराविषयी शंका असल्यास एक सोपा प्रयोग करावा. वीतभर लांबरुंद अॅल्युमिनियमचे फॉइल भिंतीवर लावून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्या. एक-दोन दिवसांनी थेंब खोलीकडील बाजूस दिसले तर दोष हवेचा. भिंतीकडील बाजूस दिसले तर दोष भिंतीचा. आपल्या गावी जेथे माग आणि बिऱ्हाड एकाच छताखाली आहे, तेथे हा प्रयोग अवश्य करावा. दमट हवेत सूत कमी तुटते, म्हणून मागाजवळ ओलावा राखतात. परंतु तोच ओलावा निजावयाच्या खोलीत शिरतो. तेथे मधली भिंत व बाहेर उघडणारी खिडकी हवी.

आता तपासणाराविषयी. आमच्या घरची पश्चिमेकडील भिंत आम्ही लागोपाठ तीन वर्षे रंगवली. दर वेळी तपासणी फुकट होती आणि दर वेळी उपाय एकच निघाला: अधिक महाग रंग. अखेर एका परिचित अभियंत्याने गच्चीवर चढून पाहिले, तो पन्हळीचे तोंड कबुतराच्या घरट्याने बुजलेले! त्यांना काही विकावयाचे नव्हते, म्हणून ते आधी वर पाहू शकले.

हे तत्त्व अन्यत्र कायद्यात उतरले आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्याने २००३ साली कायदा करून बुरशी तपासणारे व काढणारे यांना परवाने लागू केले. एका कामावर दोन्ही भूमिका एकाने करू नयेत, असा तेथे दंडक आहे. न्यूयॉर्क राज्यानेही पुढे असाच नियम केला. आणि तपासणी टाळल्याने काय होते, तेही जगाने पाहिले. इंग्लंडातील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये बुरशीने भरलेल्या भाड्याच्या घरात राहणारे दोन वर्षांचे बालक दगावले. बापाने तक्रार केली तेव्हा त्याला वरून रंग देण्याचा सल्ला मिळाला होता. २०२२ च्या चौकशीत मृत्यूचे कारण बुरशीच ठरले.

बुऱ्हाणपूर २००३ साली स्वतंत्र जिल्हा झाले. गाव वाढत आहे, नवी घरे झपाट्याने उठत आहेत. नव्या गिलाव्यातील पाणी वाळण्याआधीच रंग देऊन गृहप्रवेश करण्याची घाई टाळावी. जुने घर घेताना ते भर पावसाळ्यात एकदा पाहावे. तपासणाऱ्यास त्याचे मानधन वेगळे द्यावे, आणि पाणी कोठून येते हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. पाणी बंद झाल्यावरच साबणाच्या पाण्याने, नाकातोंडास फडके बांधून, बुरशी पुसावी. कोरड्या झाडूने झाडू नये.

समाजसंस्थांनीही येथे थोडा हातभार लावावा. भिंतीतील ओलावा मोजण्याचे एक यंत्र आणि ते वापरण्यास शिकलेले दोन तरुण एवढ्यावर पुष्कळ काम होईल. ज्याला काही विकावयाचे नाही, असा माणूस दाराशी आला तर गरीब बिऱ्हाडाचा दर वर्षीचा रंगाचा खर्च वाचेल, आणि मुलांची छातीही.