एका दिवसात किती वादने?

प्रश्न : पाडव्याला ढोल-ताशा पथकांची एकाच दिवशी दोन-तीन वादने ठेवल्यास गर्दी वाढेल का?

उत्तर : डोंबिवलीत १९९९ पासून निघणाऱ्या नववर्ष स्वागतयात्रेमुळे फडके रस्ता सकाळीच फुलून जातो, त्यामुळे तासाभरात तिथेच दुसरे वादन ठेवल्यास नवे श्रोते न येता आहे तीच गर्दी विभागली जाते. दुसरे वादन ठेवायचेच, तर ते उन्हे कलल्यावर आणि वेगळ्या जागी, उदाहरणार्थ ठाण्याच्या तलावपाळीवर, ठेवणे इष्ट, कारण कमरेला ढोल बांधून तासन्‌तास टिपरू, म्हणजे ढोल वाजवण्याची काठी, चालवणाऱ्या वादकांना विश्रांती लागते आणि सैल पडलेले ढोल दोऱ्या ओढून पुन्हा ताणावे लागतात. तिसरे वादन बहुधा हौसेपुरतेच. शिवाय ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० नंतर उघड्यावर वाद्ये वाजवता येत नाहीत.