कोमेजणारी फुले

पहाटे अंगणात पारिजातकाचा सडा पडतो आणि उन्हे वर येतात न येतात तोच तो मलूल होऊन जातो. फुलांचे आयुष्य असे घटकाभराचे. कवी आणि चित्रकार यांना फुलांची ओढ असते, हे तुम्हांस ठाऊक आहेच. परंतु त्या अल्प आयुष्याचे त्यांनी काय केले, हे पाहण्यात अधिक गंमत आहे.

कालिदासाने ऋतूंचा नियमच बाजूस सारला. 'मेघदूत' या काव्यात त्याने यक्षांच्या अलका नगरीचे वर्णन केले आहे. तेथील स्त्रियांच्या हाती शरदातील कमळ, केसांत हेमंतातील कुंद, मुखावर शिशिरात फुलणाऱ्या लोध्राचा पराग, अंबाड्यात वसंतातील कुरबक, कानावर ग्रीष्मातील शिरीष आणि भांगात वर्षाकाळचा कदंब! ही सारी फुले एकाच दिवशी कोणता माळी आणून देईल?

डेन्मार्कच्या हान्स ॲण्डरसनने १८३५ साली प्रसिद्ध केलेल्या एका गोष्टीत इडा ही चिमुरडी विचारते, की काल टवटवीत असलेल्या फुलांनी आज माना का टाकल्या? रात्रभर ती राजवाड्यात नाचत होती, असे तिला सांगण्यात येते. शेवटी इडा ती फुले बागेत पुरते. पुढील उन्हाळ्यात ती अधिक सुंदर होऊन उगवावीत, एवढीच तिची इच्छा.

चित्रकाराला मात्र फूल समोर हवे असते. व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा डच चित्रकार १८८८ साली दक्षिण फ्रान्समधील आर्ल या गावी राहत होता. गोगँ हा चित्रकार मित्र राहावयास येणार, म्हणून घर सजविण्यासाठी त्याने सूर्यफुले रंगविण्यास घेतली. फुले लवकर सुकतात, तेव्हा सूर्योदयापासून काम करून चित्र एका दमात पुरे करावे लागते, असे त्याने आपल्या भावाला कळविले. त्या ऑगस्ट महिन्यात त्याने अशी चार चित्रे काढली. एकात तर पिवळ्या पार्श्वभूमीवर पिवळीच फुले आहेत! त्यांतील काही पुरती उमललेली, काही पाकळ्या गळून माना टाकलेली. सुकलेली फुले त्याने वगळली नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते. या चारांपैकी एक चित्र पुढे जपानमध्ये गेले व १९४५ च्या ऑगस्टमध्ये, युद्धातील बाँबवर्षावात, जळून गेले.

१८८९ च्या जानेवारीत व्हॅन गॉगने पुन्हा सूर्यफुले रंगविली. भर हिवाळ्यात ताजी सूर्यफुले कोठून मिळणार? या वेळी त्याने आपलीच उन्हाळ्यातील चित्रे समोर ठेवली होती.