सही करण्याआधी

चि. रोहन यास,


व्यावसायिक बॉक्सिंगचा करार तुझ्यापुढे आला आहे, असं ताई म्हणाली. मी ‘नको’ म्हणणार नाही. मामाच्या ‘नको’ला तू कधी जुमानलंस? पण आधी डॅनियल मेंडोझाची हकीकत वाच.

अठराव्या शतकातल्या लंडनचा हा ज्यू मुष्टियोद्धा. उंची जेमतेम पाच फूट सात इंच. तेव्हा ना हातमोजे, ना वजनी गट. पाय रोवून उभं राहायचं आणि एक जण उठेनासा होईपर्यंत ठोसे हाणायचे, ही रीत. मेंडोझा बाजूला सरके, ठोसा अडवे, मग मारी. काहींना हा पळपुटेपणा वाटला. रिचर्ड हम्फ्रीजकडून तो 1788 मध्ये हरला, पण 1789 आणि 1790 मध्ये त्यालाच धूळ चारली. आपल्या विद्येवर पुस्तक लिहिलं, शिकवण्या घेतल्या. पैसा आला तसा गेला.

1795 मध्ये एका लढतीत प्रतिस्पर्धी जॉन जॅक्सनने एका हाताने त्याचे लांब केस धरले आणि दुसऱ्याने बुकललं. अन्याय वाटतो ना? पण तेव्हा लढती ज्यांनुसार होत त्या 1743 च्या ब्रॉटनच्या नियमांत कमरेखाली धरायला मनाई होती, केस धरायला नव्हती. जॅक्सनला ते ठाऊक होतं.

खरी गोष्ट पुढेच आहे. जॅक्सन जाहीर लढती अवघ्या तीन लढला, मग लंडनच्या बाँड स्ट्रीटवर तालीम चालवली. कवी बायरन तिथे शिकायला येई. मेंडोझाच्या घरी अकरा मुलं आणि डोक्यावर कर्ज. पब चालवला, कर्जापायी तुरुंग पाहिला. 1809 मध्ये कॉव्हेंट गार्डन थिएटरने तिकिटं महाग केली, तेव्हा दंगा करणाऱ्या प्रेक्षकांना आवरायला तो पैसे घेऊन उभा राहिला आणि ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं तेच उलटले. पंचावन्नच्या आसपास, 1820 मध्ये, तो पुन्हा रिंगणात उतरला. हरला.

मला स्वतःला मेंडोझाच जास्त आवडतो. पण भाच्याने जॅक्सनचा हिशेब शिकावा.

करारात पाहा: हाताला दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोणाचा? प्रतिस्पर्धी कोण ठरवणार? मानधनातून कोणाकोणाचा वाटा कापला जाणार? बांधीलकी किती वर्षांची? रेल्वेच्या नोकरीचा राजीनामा इतक्यात देऊ नकोस. कागद घेऊन रविवारी ये, ओळखीच्या वकिलांना दाखवू.

तुझा,
मामा