दमाचं औषध आणि चालीची कसोटी

सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट विकारात श्वास घेण्यापेक्षा तो पुरता सोडणे अवघड असते. चाल वाढली की आधीची हवा बाहेर पडण्यापूर्वीच पुढचा श्वास घ्यावा लागतो, छाती फुगत जाते आणि धाप लागते. त्यामुळे श्वासनलिका सैल करणाऱ्या औषधाचा खरा उपयोग नुसत्या फुंकण्याच्या तपासणीतून कळत नाही. रुग्णाला चालायला किंवा सायकल मारायला लावावे लागते. टायोट्रोपियम या अशाच औषधाच्या २००४ मधील एका चाचणीत १८७ रुग्ण होते. ४२ दिवसांनी, ठरावीक श्रमाच्या सायकलीवर, औषध घेणारे बिनऔषधी इन्हेलर घेणाऱ्यांपेक्षा सरासरी १०५ सेकंद जास्त टिकले.

दुसरी कसोटी म्हणजे सहा मिनिटांत रुग्ण किती अंतर चालतो ते मोजणे; त्यासाठी ३० मीटरचा सपाट मार्ग लागतो. दमल्यास थांबता येते, घड्याळ मात्र थांबत नाही. गेल्या महिनाभरात हृदयविकाराचा झटका आला असेल, तर ही चाचणी करू नये. अंतर साधारण ३० मीटरने वाढले तर रुग्णाला फरक जाणवतो, असे मानले जाते. पण गोम इथेच आहे. औषधात काहीही बदल न करता तोच रुग्ण दुसऱ्यांदा चालला, तरी सरावाने सरासरी २६ मीटर पुढे जातो! म्हणून सुरुवातीलाच दोनदा चालवून त्यातले जास्त अंतर धरायचे असते. शेजारी उभ्या तंत्रज्ञाचे 'छान चाललंय' हे शब्दसुद्धा ठरलेलेच हवेत, कारण उत्तेजनानेही पावले वाढतात.

दिल्लीत यात हवेची भर पडते. नोव्हेंबरच्या धुरक्यात मोजलेली चाल मार्चमध्ये सुधारली, तर त्याचे श्रेय औषधाचे की उतरलेल्या प्रदूषणाचे? १९४९ मध्ये स्थापन झालेली वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूट असो वा नोएडातले खासगी रुग्णालय, या प्रश्नातून सुटका नाही. औषधाचा आणि तुलनेचा असे दोन्ही गट एकाच ऋतूत, चिठ्ठ्या टाकून पाडलेले हवेत. 'औषधाआधी आणि औषधानंतर' एवढाच हिशेब दाखवणाऱ्या जाहिरातीवर विसंबू नये.

औषधाच्या अशा चाचणीत सामील होण्याआधी रुग्णाने सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीतला क्रमांक मागावा. २००९ पासून ही नोंद सक्तीची आहे. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. संमतीपत्र घरी नेऊन वाचावे. कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते. चालू इन्हेलरपैकी कोणता, किती दिवस बंद राहील आणि मध्येच दम वाढला तर फोन कुणाला करायचा, हे लेखी घ्यावे.