पावसाळ्यात सशाच्या अंगाखाली काय घालावं?

जून लागला की सातारा-सांगलीत गोठा कोरडा ठेवायची लगबग सुरू होते. मुलांनी हौसेनं पाळलेल्या सशाच्या पिंजऱ्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. गाई-शेळ्यांना चालणारं अंथरूण सशाला चालेलच असं नाही. ससा अंगाखालचं सगळं कुरतडतो आणि त्याला उलटी करता येत नाही. म्हणून अंथरूण निवडताना आधी एवढंच विचारावं, की हे त्यानं खाल्लं तर काय होईल?

वाळवा-कराडकडे पाचट फुकटात मिळतं, म्हणून तेच घातलं जातं. माझा सल्ला, घालू नका. त्याच्या कडा धारदार असतात, काही जातींच्या पाचटावर कूस असते. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. ते झिजले की कातडी सोलते आणि जखम चिघळते. गुऱ्हाळावरच्या चिपाडात साखरेचा अंश राहतो, त्यामुळे दमट हवेत त्याला लगेच बुरशी धरते. त्या बुरशीची धूळ माणसाच्या फुप्फुसालाही बाधते. सशाचं नाक तर सतत तिथंच असतं. शेंगांची टरफलंही याच कारणानं नकोत.

सगळ्यात चांगला भाताचा पेंढा. शिराळा, पाटण, जावळीत तो घरचाच असतो. मागच्या हंगामातला, पिवळा, कडकडीत वाळलेला घ्यावा. मूठभर झटकून पाहावा. धूळ उडाली किंवा कुबट वास आला तर तो पेंढा सशासाठी नाही. महाबळेश्वराला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या पट्ट्यात पेंढा पावसाआधीच माळ्यावर चढवावा आणि उघडीप मिळेल तेव्हा ऊन दाखवावं. माण, खटाव, जतकडे पेंढा नसेल तर ज्वारीच्या कडब्याची बारीक कुट्टी चालते, फक्त जाड बुडखे निवडून काढावेत. खाली वर्तमानपत्राचे चार-पाच साधे कागद, वर दोन-तीन इंच पेंढा. गुळगुळीत रंगीत कागद नको.

वखारीतला भुसा टाळावा. तो कुठल्या लाकडाचा आहे हे कुणी सांगू शकत नाही. चीड, देवदारासारख्या वासाच्या लाकडातली द्रव्यं श्वासातून जाऊन यकृतावर ताण आणतात. तासगावकडे द्राक्षांच्या पेट्यांचा पुठ्ठा भरपूर मिळतो. तो चांगला, पण त्यातला गंधकवायू सोडणारा कागद, चिकटपट्टी आणि पिना काढल्याशिवाय पिंजऱ्यात जाऊ देऊ नका. मांजरासाठी विकतात ती गोळा होणारी माती तर आणूच नये. पोटात गेली की ती फुगते आणि आतडं तुंबतं.

ससा बहुतेक एकाच कोपऱ्यात लघवी करतो. तिथं उथळ ट्रे ठेवून वर थोडं वाळलं गवत टाकावं. गवत खाता खाता लेंड्या टाकायची त्याची सवय असते, त्यामुळे जागा आपोआप ठरते. हा कोपरा रोज आणि पावसाळ्यात सगळं अंथरूण आठवड्यातून दोनदा तरी बदलावं. पिंजऱ्याशी नाक नेल्यावर डोळे चुरचुरले तर ससा त्याच हवेत चोवीस तास आहे हे ध्यानात घ्या. फिनेल, डांबराच्या गोळ्या नकोत. ट्रेवरचा लघवीचा पांढरा थर व्हिनेगरनं निघतो. काढलेला पेंढा आणि लेंड्या खताच्या खड्ड्यात टाकाव्यात, त्यांचं खत उत्तम होतं.

हे सगळं पाळीव सशाचं झालं. बांधावर सापडलेलं रानसशाचं पिल्लू घरी आणू नये. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे.

ओल्या अंथरुणावर माश्या बसतात. सशाची मागची बाजू लघवीनं किंवा मऊ लेंडीनं भरली असेल तर तिथं अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या होतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ त्याला उचलून शेपटीखाली पाहा. अळी दिसली, किंवा ससा दहा-बारा तास काही खाईना आणि लेंडी टाकीना, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या.